जिल्हा परिषदेचं जाकीट

सीताबर्डीत माझं शिलाईचं दुकान आहे. पुढाऱ्यांची जाकिटं शिवतो, म्हणून राजकारण आपल्याला कळतं, असा माझा समज आहे. बायको त्याला गैरसमज म्हणते.

नरखेडकडचा एक संत्र्याचा बागायतदार जिल्हा परिषदेवर निवडून आला आणि जाकीट शिवायला माझ्याकडे आला. माप घेताना मी विचारलं, "राजकारणात कसे पडलात?"

"गावची डीपी जळली होती, भाऊ. विहिरीवरचे सारे पंप बंद. मी वीज ऑफिसच्या साहेबाच्या दारात जाऊन बसलो, नवी डीपी आली तवाच उठलो. लोकायले वाटलं, हा बसते चांगला. म्हणून मले उभं केलं!"

नेत्याला रुबाब हवा, असं त्याला ऐकवून मी कॉलर चांगली कडक केली.

आठवड्याने तो आला, जाकीट घालून आरशासमोर उभा राहिला. सवयीने त्याचे हात जोडले गेले आणि तो हसत सुटला. "मलेच ह्या आरशातल्या साहेबाले तक्रार सांगावीशी वाटून राहिली!"

मग हसू ओसरलं. "आता माह्या दारात कोणी येऊन बसलं, तं मी काय करू गा?"

मी त्याच्या अंगावरून जाकीट उतरवून घेतलं. "कॉलर जरा नरम करून देतो," मी म्हणालो.