पाठीवरचं नाव

शिक्षकांच्या शिबिरात कुणी माइक हातात घेऊन म्हणालं, मन ओतून काम करा, मदत आपल्या पायांनी चालत येते, की मला शिसारी येते. वाक्य खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं. ते खरं आहे, हीच तर पंचाईत. माझ्याकडे मदत आली होती. जीपमधून आली होती, आणि उतरता उतरता शाळेच्या फाटकाशी पचकन थुंकली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पारगावच्या पुढे एका खेड्यातल्या हायस्कूलात मी खेळाची बाई. मुलींचा कबड्डीचा संघ उभा करायचं वेड डोक्यात शिरलं होतं. मैदान कसलं, काट्याकुट्यांचा माळ. पदर खोचून मी स्वतः खडे वेचायला लागले. ते बघून एका शेतकऱ्यानं न मागता लाल मातीची ट्रॉली आणून ओतली. दुसऱ्यानं रोलर दिला. मंचरचे एक किराणा व्यापारी होते, मूळचं मारवाडातलं जैन घराणं, पण मराठी आमच्याहून झणझणीत. ते दर शनिवारी एस्टीतून गूळ-शेंगदाण्याचा डबा पाठवायचे. फळ्यावर तुमचं नाव लिहू का विचारलं, तर म्हणाले, पोरी खातात ना, मग झालं की. मी आपली हवेत. स्टाफरूममध्ये बाकीच्यांना डोस पाजायचे, की तळमळ असली म्हणजे काही कमी पडत नाही. आठवलं तरी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

संघातली सगळ्यात चांगली खेळाडू नववीतली होती. चढाईला गेली की तिचा दम लवकर तुटायचा नाही, समोरच्या पोरीच दमायच्या. तिचे वडील, आप्पा, उसाचा ट्रॅक्टर चालवायचे आणि गुटखा खायचे. सकाळी दात घासायच्या आधी पुडी, रात्री झोपताना पुडी. तोंड आखडत चाललं होतं. डॉक्टरांनी त्यांना स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली, तर दोनच शिरली. भाकरी दुधात कुस्करून गिळायचे. आत्ता सोडलीत तर इथंच थांबेल, नाही तर पुढचं माझ्या हातात नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. बायकोनं सांगून झालं, भावकीनं सांगून झालं, आप्पा ढिम्म. शेवटी पोरीनं पैज लावली. तुम्ही पुडी सोडा, मी जिल्ह्याला जिंकून दाखवते. आणि काय सांगू, सोडली त्या माणसानं! चार महिने संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन बसायचे, खिशात बडीशेप. पोरगी चढाईवरून परतली की आधी बापाकडे बघायची. मला वाटायचं, शाबासकीसाठी बघते. ती त्यांच्या गालाकडे बघत होती, हे मला फार उशिरा कळलं.

जिल्ह्याच्या सामन्यांना सगळ्यांचा एकसारखा गणवेश सक्तीचा होता. आमच्या पोरी भावांच्या जुन्या शर्टांत खेळायच्या. मी काळजीत, आणि नेमकी तेव्हाच ती जीप आली. उतरला तो तालुक्यातला गुटख्याचा एजंट. गळ्यात जाड साखळी, गालात तोबरा, ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ. तोंडातलं सांडू नये म्हणून मान वर करून गुळगुळ बोलायचा. म्हणाला, तुमची तळमळ ऐकली आणि राहवलं नाही बघा मॅडम. टी-शर्ट, बूट, न्यायला-आणायला जीप, सगळं त्याच्याकडून. बोलता बोलता त्याच्या तोंडातला एक थेंब माझ्या हजेरीपटावर उडाला. मी तो रुमालानं टिपला आणि हसून त्याला चहा मागवला.

मंचरच्या शेठजींकडे शब्द टाकला असता तर साधे टी-शर्ट त्यांनी नक्की दिले असते. पण मला बूट हवे होते, जीप हवी होती. हावरटपणा, दुसरं काय?

आठवड्याभरात गठ्ठा आला. पिवळेधमक टी-शर्ट, आणि पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पुडीचं नाव. नंबर खाली कुठंतरी, बारका. बाकीच्या पोरी बुटांवर तुटून पडल्या. आप्पांची पोरगी मात्र टी-शर्टाची पाठ आपल्याकडे करून तशीच उभी. दुसऱ्या दिवशी ती दप्तरातून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन आली, नीट चौकोनी कापलेला.

"बाई, नावावर हे शिवू का? नंबर येतो मला काढता. आप्पा येणारेत बघायला."

एजंट फोटोग्राफर घेऊन येणार होता. मी सगळ्यांसमोर तिला झापलं.

"त्यांनी एवढं केलं आपल्यासाठी, आणि तू त्यांच्या नावावर ठिगळ लावणार? घालायचा नसेल तर घरी बस."

तिनं तुकड्याची घडी घातली, परत दप्तरात ठेवली.

आम्ही जिंकलो. शेवटच्या चढाईत तिनं दोघींना बाद केलं. पंचांपैकी कुणीही त्या पाठींवर हरकत घेतली नाही. कशाला घेतील, एकाचा तर गालच भरलेला होता. एजंटनं पोरींना हार घातले आणि माझ्यावर भाषण ठोकलं, की अशा ध्येयवेड्या बाई असल्यावर लोक मदतीला धावून येणारच. मी मुरकत ऐकलं. शी! त्या दिवसाची माझी मलाच किळस येते.

पंधरा-वीस दिवसांनी ती सरावाला यायची थांबली. दोनदा निरोप धाडला, तर डोकं दुखतंय म्हणे. एक कप जिंकला आणि शिंगं फुटली वाटतं, असं पुटपुटत मी तिच्या घरी निघाले.

वाटेत एस्टी थांब्याजवळ पानटपरी होती. तिच्यावर नवा कागद लावलेला, चांगला दाराएवढा. चढाईत झेपावलेली माझी पोर, पाठीकडून. चेहरा नाही, नुसती वेणी, आणि ते नाव. खाली पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. समोरच्या बाकावर आप्पा बसले होते. मला बघून लगबगीनं उठले, तोंड पुसलं आणि दोन्ही हात जोडले.

"बाई, तुमचे लई उपकार," म्हणाले. दात जेमतेम विलग होत होते, शब्द फटीतून गळत होते. मग कागदाकडे बोट केलं. "दुसरी कुठली खात न्हाई आता. ही आपल्या पोरीची हाय."

बाकावरच्या माणसांनीही माझ्याकडे कौतुकानं बघितलं. पोरीचं घर तिथून चार पावलांवर होतं, दारात वाळत घातलेले कपडे दिसत होते. मी तिथपर्यंत गेले नाही. तिला कुठल्या तोंडानं विचारणार होते, सरावाला का येत नाहीस म्हणून?