हयातीचं बटण
मनगटाला बाम चोळला की पेठच्या एका कचेरीतल्या बाई आठवतात. पेन्शनवाले म्हातारे समोर येऊन गेले की त्या संगणकावर एकेकाच्या नावापुढचं ‘हयात’ बटण दाबायच्या. दोनशे नावं, सुजलेलं मनगट, खोलीभर बामाचा वास. त्यांचा त्रास वाचावा म्हणून तिथलं संगणकाचं काम बघणाऱ्या मी जावास्क्रिप्ट या संगणकी भाषेत माऊसचे खोटे क्लिक लिहिले. जुनाट ब्राउझर ते मानेना, दोन दिवस डोकं पिकलं. तिसऱ्या दिवशी बटणं आपोआप दाबली गेली. आलेले, न आलेले, सगळे हयात. “अहो सर, यातले एक बाबा वारले ना! परवाच त्यांच्या घरच्यांना भेटायला दारावर जाऊन आले मी,” बाई म्हणाल्या आणि सगळी यादी पुन्हा हातानं करायला बसल्या. आता माझंही मनगट दुखतं, पण कुठल्याही यादीतलं नाव वाचल्याशिवाय माऊसवरचं बोट खाली जात नाही.