एका वाक्यासाठी नांदेड, उदगीर, देवणी

"जानेवारीत सगळे कोकणात जातात आणि तू उदगीरला? तिथं काय बघणार?" मैत्रिणीनं विचारलं. मी म्हटलं, "एक भट्टी." त्यावर तिनं मला काजूकतली दिली आणि विषय बदलला. तिचं काही चुकलं नाही. चार दिवसांची सुट्टी कोणी भट्टीपायी घालवत नाही.

त्याचं असं आहे. तांबं आणि लोखंडाच्या ऑक्साइडांपासून कॉपर फेराइट नावाची काळपट चुंबकीय भुकटी बनते. ती गॅमा किरणांखाली ठेवायची आणि तिचं चुंबकत्व किती बदललं ते मोजायचं, ही माझी पीएचडी. पण किती बदललं हे सांगायला आधी किती होतं ते पक्कं हवं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. उदगीरच्या एका कॉलेजातल्या गायकवाड सरांनी वीसेक वर्षांपूर्वी हीच भुकटी बनवली होती. त्यांच्या प्रबंधातली कृती मी चार वेळा जशीच्या तशी केली. चारही वेळा माझं चुंबकत्व त्यांच्यापेक्षा बरंच जास्त आलं. शेवटी मी छापायला द्यायच्या माझ्या संशोधन-पेपरात लिहून टाकलं की गायकवाडांचे आकडे पुन्हा मिळत नाहीत. आमच्या सभ्य भाषेत याचा अर्थ, गडी चुकला.

माझ्या गाइड मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारली. "माणूस हयात आहे ना? मग छापायच्या आधी भेटून ये. त्यांचं नाव जाणार आहे यात."

म्हणून पुण्याहून गाडीनं नांदेड. जाणार असाल तर आरक्षण महिनाभर आधी करा आणि स्वेटर घ्या. मराठवाडा म्हणजे ऊन एवढंच ठाऊक असलेली मी सकाळी स्टेशनवर कुडकुडत चहा शोधत होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मूळ प्रबंध बघायचा होता, कारण माझ्याकडच्या झेरॉक्सवर माझा भरवसा नव्हता. ग्रंथपालांनी धूळ झटकत तो काढून दिला. "हे कुणी मागतच न्हाई ओ म्याडम. तुम्ही पहिल्याच." वाक्य तेच होतं, नऊशे अंशांवर तापवलेला नमुना लगेच भट्टीबाहेर काढून हवेत थंड केला. म्हणजे माझं वाचन बरोबर होतं. खरं सांगते, तेव्हा मला आनंद झाला. दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला पंगतीत बसले आणि शेजारच्या आजींनी माझ्या ताटात आग्रहानं वाढायला लावलेली खीर संपवून मगच उठले. नांदेडला गेलात तर हे चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी एसटीनं उदगीर. लोहा, अहमदपूर करत साडेतीन-चार तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं गाडी निम्मी माहेरवाशिणींनी भरलेली असते. अहमदपूरच्या स्टँडवर एका बाईनं खिडकीतून आधी पिशवी, मग रुमाल आणि मग तिसऱ्या फेरीला नवरा असं सगळं आत घेतलं. कंडक्टर म्हणाला, "ताई, जागा माणसाला मिळती, रुमालाला न्हाई." "रुमाल माझा हाय, माणूसबी माझाच हाय," ती म्हणाली आणि बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी काढणीला आल्या होत्या.

फोनवर येते एवढंच कळवलं होतं, तरी गायकवाड सर स्टँडवर न्यायलाच आले होते. सडपातळ, स्कूटरवर ताठ बसणारे, निवृत्त होऊन सात वर्षं झालेली. घरी काकूंनी गरम धपाटे आणि दही समोर ठेवलं. मी वाटेत तीन प्रकारे तयार केलेलं प्रास्ताविक सुरू करणार, तेवढ्यात सरच म्हणाले,

"आकडे जुळत न्हाईत, असंच ना? तुम्ही पहिल्या नाहीत. माझ्या परीक्षकांनीही विचारलं होतं. नंतर एका प्रयोगशाळेनं कळवलं, जमत नाही म्हणून. मोजमाप मी स्वतः केलेलं, पण माझ्याच हातावरचा विश्वास उडाला बघा. मग संशोधन सोडलं आणि शिकवण्यात जीव रमवला. तुम्ही लिहा. चूक ती चूक, मला राग न्हाई."

मी हातातला धपाटा ताटात ठेवला. मला ते नुसते आकडे वाटत होते. एका माणसानं त्यांच्यापायी आवडतं काम सोडलं होतं, हे मला कुठं माहीत होतं? लाज वाटली, आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "सर, नमुना भट्टीतून तुम्हीच काढायचात ना?"

"मी? न्हाई बा. संध्याकाळी मी विहारात वस्तीतल्या दहावीच्या मुलांचे वर्ग घ्यायचो. भट्टी युसूफभाई बघायचे, आमचे लॅब असिस्टंट. सकाळी मी यायचो तेव्हा नमुना नावनिशीसकट कपाटात तयार. कधी खाडा न्हाई."

युसूफभाई निवृत्तीनंतर देवणीला आपल्या घरी असतात. सर दर ईदला शीरखुर्म्याला जातात. दुपारच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. तासाभराचा रस्ता, गाडी खच्चून भरलेली. वाटेत सर मला युसूफभाई किती काटेकोर ते सांगत होते.

अंगणात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची देवणी गाय बांधलेली होती आणि युसूफभाई तिला कडबा टाकत होते. सरांना बघून त्यांनी मिठी मारली, आणि मला "बैठो बेटी, बस" म्हणून बाज पुढे केली. चहा झाल्यावर मी विचारलं, नमुना गरम असतानाच काढत होता का? त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"सर, आज सांगून टाकतो," ते म्हणाले. "तुम्ही म्हणायचे, पाचला भट्टी बंद करून चिमट्यानं नमुन्याची मूस लगेच बाहेर काढायची. माझी देवणीची शेवटची गाडी सव्वापाचला. लालभडक मूस लाकडी टेबलाजवळ टाकून कसं जावं? कॉलेज जळलं असतं. गार व्हायची वाट बघावी, तर गाडी जाती. म्हणून मी नुसती भट्टी बंद करून दार तसंच ठेवायचो. सकाळी तुमच्या आधी येऊन काढायचो."

"रोज?" सरांनी विचारलं.

"हाव. रोज."

आता मला उमगलं. भुकटी झटक्यात थंड केली तर आतले अणू जिथल्या तिथं गोठतात आणि चुंबकत्व जास्त राहतं. रात्रभर हळूहळू निवू दिली तर ते आपापल्या जागी स्थिरावतात, रचना बदलते, चुंबकत्व उतरतं. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत. पण प्रबंधात छापलंय म्हटल्यावर ते वाक्य तपासायचं मला सुचलंच नव्हतं. मी सरांना हे भराभर सांगितलं.

ते युसूफभाईंकडं वळले. मग एवढंच म्हणाले, "तेव्हाच सांगायचं ना, युसूफभाई."

"भीती वाटली. अन् सकाळी नमुना बघून तुम्ही लई खूश व्हायचे." युसूफभाईंचा आवाज बसला होता. "सर, तुमची डिग्री जाईल का हो?"

"डिग्री कशाला जाती?" सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचे डोळे भरून आले होते. "अहो, माझे आकडे खरे होते. माझा हात चुकला नव्हता. वाक्य चुकलं, तेही माझंच. मी एकदासुद्धा संध्याकाळी थांबून बघितलं न्हाई, अन् छापलं."

त्या अंगणात मला मॅडमबद्दल, त्यांच्या पेन्सिलीबद्दल आणि समोरच्या दोन म्हाताऱ्यांबद्दल इतकी कृतज्ञता वाटली की मी गाईच्या कपाळावरून उगाचच हात फिरवत राहिले. युसूफभाई खोटं बोलू शकले असते. सर चिडू शकले असते. मी इथं न येता पेपर पाठवू शकले असते, आणि तो छापूनही आला असता.

परतीला उदगीर ते लातूर बस, दोन तास, आणि लातूरहून पुण्याची गाडी. युसूफभाईंच्या घरून मिळालेली शेंगदाण्याची चटणी रेल्वेच्या डब्यात सगळ्यांना वाटली. एकूण खर्च विचाराल तर काजूकतलीवाल्या मैत्रिणीच्या कोकणातल्या एका रात्रीच्या खोलीइतकासुद्धा झाला नाही.

पुण्यात आल्यावर नवा नमुना तापवला, भट्टी बंद केली आणि दाराला हात न लावता घरी गेले. मापन केलं तेव्हा माझा आकडा सरांच्या आकड्याला जाऊन टेकला. खात्रीसाठी पुन्हा केलं, पुन्हा टेकला. पेपरातलं वाक्य बदललं. आता तिथं आहे की गायकवाडांचे आकडे अचूक आहेत, फक्त थंड करण्याची नोंद वेगळी हवी. आणि ही माहिती दिल्याबद्दल युसूफभाईंचे आभार. त्यांना फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाले, "माझं नाव कशाला बेटी, मी तर गाडी पकडायचो."

सरांना फोन केला तेव्हा ते "बरं, बरं" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मला जरा चुटपुट लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर एका वहीच्या पानाचा फोटो आला. सुवाच्य अक्षरात, आखून: भट्टी एका रात्रीऐवजी दोन दिवसांत निववली तर काय होईल, तीन दिवसांत निववली तर, आणि या प्रत्येक नमुन्यावर गॅमा किरणांचा परिणाम सारखाच होतो का? खाली लिहिलं होतं, "आपल्याला जमेल का? जमत नसल्यास मी स्वतः येऊन करतो."

भट्टी रिकामीच होती आणि वेळही होता. मी लिहिलं, "मला जमणार नाही, सर. तुम्ही या."