सासूबाईंचं माहेरचं नाव

पवनीचे जुने बौद्ध अवशेष बघायला आलेली एक फ्रेंच बाई चार दिवस आमच्याकडे राहिली होती. माझ्या नवऱ्याच्या मित्राची ती ओळख. तिला हिंदी बऱ्यापैकी येत होतं, म्हणून सासूबाईंनी पहिल्याच दुपारी तिला तांदूळ निवडायला बसवलं आणि उलटतपासणी सुरू केली.

ती म्हणाली, तिच्या पणजीच्या गावात बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात धरणारी धर्ममाता बहुधा स्वतःचंच नाव मुलीला देई. त्यामुळे एकेका घरात तीन-तीन मारी.

"मारी?" सासूबाई म्हणाल्या. "ते तं बिस्कुट हाय. अन् हाक मारली का समद्याच धावत येत असतीन."

म्हणून थोरली मारी, धाकटी मारी, भट्टीजवळची मारी असं म्हणत. लग्नानंतर गाव बाईला नवऱ्याच्या नावावरून ओळखे. याचं सासूबाईंना नवल वाटलं नाही. सासरे निवृत्त शिक्षक, म्हणून आख्खा मोहल्ला त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. पण सरकारी कागदावर बाईचं जन्माचं नावच शेवटपर्यंत राहतं, नवऱ्याचं आडनाव नुसतं वापरायला मिळतं, हे ऐकल्यावर त्यांचा हात सुपातच थांबला.

सासूबाईंचं नाव लग्नात बदललं होतं. सासऱ्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि माहेरचं नाव, एका नदीचं, तिथंच राहिलं.

पाहुणी गेली त्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "आजपासून मी त्या ताटातल्या नावाले ओ देत नाही. मले माह्या माहेरच्या नावानं बोलवायचं."

"बरं," सासरे म्हणाले आणि त्यांनी वरण वाढून घेतलं.

दोन दिवस काहीच घडलं नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाई पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याजवळ आल्या. "काहून वं, मले त्या ताटातल्या नावानं कोणी हाकच मारून नाही राहिलं. मंग ओ कायले देऊ नाही मी?"

खरंच होतं. मी त्यांना आई म्हणते, माझा नवरा माय म्हणतो, आणि सासरे "अवं, आयकते का". ताटातलं ते नाव मतदार ओळखपत्राबाहेर कधी आलंच नव्हतं.

आता माहेरच्या नावानं हाक मारा, असं मी सासऱ्यांना समजावलं. ते लाजले. "येवढ्या वर्षांनी एकदम नाव घेऊ? शेजारचे काय म्हनतीन?"

तरी सकाळी अंघोळीच्या पाण्याच्या आवाजाआड ते माहेरचं नाव हळूच म्हणून पाहतात, हे मला ऐकू यायचं. शेवटी एका रविवारी त्यांनी अंगणातून हाक मारली, वर्गात हजेरी घ्यावी तशी खणखणीत.

सासूबाई भजी तळत होत्या. "हजर," त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि हातातल्या झाऱ्यासकट त्या अंगणात पोचल्या.

"काय म्हनता?"

"काही नाही. म्हनून पाहून राहिलो होतो."

दोघंही बराच वेळ तिथंच उभी राहिली. भजी मी काढली, निम्मी करपलेली.

आता सासरे आठवडी बाजारात मुद्दाम मागे राहतात आणि भर गर्दीत ती हाक मारतात. सासूबाई वांगी निवडत राहतात. पहिल्या हाकेला त्या ओ देत नाहीत. दुसरीला देतात.