कोइंबतूर येथे स्थायिक

आईचा फोन आला तेव्हा मी साच्यात वाळू ठोकत होतो. फौंड्रीत भट्टी चालू असली की शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून बाहेर नळापाशी गेलो.

"मृत्युपत्र करायचं हाय," ती म्हणाली. "तुझी सही घ्यायची हाय. ये जाऊन चार दिस."

तिची तब्येत विचारायच्या आधी माझ्या तोंडातून निघालं, "कुणाच्या नावानं?"

"ह्या दोघांच्या की. आणि कुणाच्या?"

ती हे इतक्या सरळ म्हणाली, की मीही "व्हय की" म्हणून मोकळा झालो.

ती दोघं म्हणजे काकांची, माझ्या सावत्र वडिलांची मुलं. माझे वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. दोन वर्षांनी आईनं दुसरं लग्न केलं आणि राधानगरीकडच्या गावातून मला घेऊन ती कोल्हापुरात काकांच्या घरी आली. काकांची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. खाली पिठाची गिरणी, वर दोन खोल्या, एक लहान मुलगा आणि एक पाळण्यातली मुलगी. मी त्यांना शेवटपर्यंत काकाच म्हणालो. त्यांनी ताटात कधी फरक केला नाही. उलट तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची आणि मला ती गिळताना जड जायची. तू जास्तीचा आहेस, असं मला कुणी म्हणालं नव्हतं. ते मीच मला रोज सांगायचो. नववीत शाळा सोडली तीही त्यापायीच, एक खाणारं तोंड कमी व्हावं म्हणून. काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. "मी काय कमी केलं त्याला?" एवढंच आईला विचारत राहिले. मी त्यांचे उपकार फेडायला निघालो होतो, आणि त्यांना वाटलं मी तोंड फिरवलं.

आधी कोल्हापुरातच फौंड्रीत लागलो. मग एका ठेकेदाराबरोबर कोइंबतूरला गेलो, त्याला आता एकवीस वर्षं झाली. लग्न जमता जमता राहिलं. तिथं आम्ही पाच जण एका खोलीत राहतो, दोन ओडिशाचे, दोन बिहारचे आणि मी. फोन ठेवला की माझं मराठी संपतं.

मी असा खोलीत राहतो, हे आईला माहीत नव्हतं. तीन-चार वर्षांपूर्वी ठेकेदार परगावी गेला, तेव्हा त्याच्या घरातल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडं होतं. नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या मागं गुळगुळीत फरशी, सोफा, दोन दारांचा फ्रीज.

"तुझं हाय व्हय रं हे?"

तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी बघितला नव्हता. मी "व्हय" म्हणालो. मग ते घर मला सांभाळावं लागलं. त्याला रंग दिला, गच्चीवर टाकी बसवली, एकदा पावसात गळलं तेही दुरुस्त केलं. सगळं फोनवर.

कोल्हापुरात पोचलो तेव्हा धाकटा भाऊ गिरणीत पिठानं पांढरा होऊन उभा होता. मला बघून ओरडला, "आलं बघा कोइंबतूरचं शेठ! एकच पिशवी? आमाला वाटलं पाठीमागनं टेंपो येतोय." दळण घेऊन बसलेल्या बायका हसल्या. मीही हसलो.

तो आईची साखर तपासतो. तिच्या गोळ्या सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या ठेवतो. खाली उतरायचं असलं की स्वतः वाकून तिच्या पायात चपला घालतो. मला तिच्या एकाही गोळीचं नाव माहीत नव्हतं. जयसिंगपूरहून बहीण आली होती. मला वाढताना ती म्हणाली, "घे अजून, लाजू नकोस." घरच्या माणसाला असं कोण म्हणतं?

दुसऱ्या दिवशी आई, धाकटा आणि मी वकिलांकडं गेलो. काकांनी जायच्या आधी घर आणि गिरणी आईच्या नावावर बक्षीस करून दिली होती, म्हातारपणी तिला कुणापुढं हात पसरायला लागू नये म्हणून. वकील मला म्हणाले, "मृत्युपत्र केलं नाही, तर आईंच्या पश्चात हे सगळं तुम्हा एकट्याला जातं. सावत्र मुलांना कायद्यानं काही मिळत नाही. तुमच्या संमतीशिवायही चाललं असतं, पण त्यांचा आग्रह."

धाकटा खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या बापाचं घर, आणि त्यासाठी त्याला माझं तोंड बघत बसायची पाळी. मला लाज वाटली. घर त्यांना जाऊ नये, असं एकदाही मनात आलं नाही. माझं मागणं लहान होतं. हातपाय थकल्यावर परत यायला वरची एक खोली, मालकीची नको, फक्त राहायला. तेवढी एक ओळ त्यात असावी. कसं विचारायचं, ते प्रवासभर मनात घोळवत आलो होतो.

वकील वाचू लागले. "माझा मुलगा कोइंबतूर येथे स्थायिक असून तेथे त्याचे स्वतःचे घर आहे. त्यास कशाचीही कमतरता नसल्याने या मिळकतीत त्यास हिस्सा ठेवलेला नाही."

मी वर बघितलं.

"पोटच्या मुलाला वगळलं तर कारण लिहिलेलं बरं," ते म्हणाले. "नाहीतर उद्या कुणीतरी म्हणतं, म्हातारीला फसवलं. मजकूर बरोबर आहे ना?"

माझ्या आधी आईच बोलली. "बंगल्यावानी हाय सायेब. फ्रीज दोन दारांचा. नववीतनं उठून गेल्यालं पोर, पर कुणापुढं वाकलं न्हाई."

"वा," वकील म्हणाले.

"दादाचं ब्येस हाय," धाकटा म्हणाला. "आमी बसलोय हितं पीठ खात."

मी बोललो असतो तर खोली मिळाली असती. धाकट्यानंच दिली असती, वर शिव्याही घातल्या असत्या, की एवढे दिवस बोलला का नाहीस. पण आई त्या खुर्चीत ताठ बसली होती. एरवी कंबरेमुळं तिला तसं बसता येत नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

साक्षीला गल्लीतले डॉक्टर आणि एक निवृत्त मास्तर आले. आईनं सही केली, तिच्या सहीत काकांचं नाव. माझ्या संमतीच्या कागदावर मी सही केली, माझ्या सहीत माझ्या वडिलांचं. वकिलांनी दोन्ही कागद एका टाचणीत लावले.

रिक्षात आईनं विचारलं, "राग न्हाई न्हवं आला?"

"कशाचा?"

"मला ठावं हुतं. तुला काय करायचं हितलं?" थोड्या वेळानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "थंडी सरली की यीन म्हणतो तुझ्याकडं. पंधरा दिस. एकदा डोळ्यांनी बघतो."

"जा की," पुढं बसलेला धाकटा म्हणाला. "रेल्वेत बसवून द्यायचं काम माझं. उतरून घ्यायचं दादाचं."

"ये की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

परत येऊन दीड महिना झाला. सुट्टीच्या दिवशी मी भाड्याची घरं बघत फिरतो. पंधरा दिवसांसाठी कुणी देत नाही, अकरा महिन्यांचा करार लागतो. गेल्या रविवारी एका म्हाताऱ्या मालकानं घर दाखवलं. एक खोली, स्वयंपाकघर, मागं नारळाचं झाड. न्हाणीत बसायला दगड होता, आईला चालला असता. त्यानं तोडक्या हिंदीत विचारलं, "कितना आदमी?"

"दोघं," मी मराठीतच बोलून गेलो. मग त्याला दोन बोटं दाखवली.