तासगावात उघडलेलं डावं दार

नाशिक सोडलं तेव्हा भाच्याने नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला. "आत्या, ती गाडी आहे की भंगार? रस्त्यात सुटी होईल."

"झाली तर वेचून घेईन. तू दूध बंद करायला विसरू नकोस," म्हटलं आणि निघाले. एकसष्टाव्या वर्षी एकट्या बाईने जुनी डिझेल व्हॅन घेऊन हिंडायचं म्हणजे नातेवाइकांना आयता विषय. गाडी मी आठ महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका एजंटाकडून घेतली. आत कुणीतरी मोठ्या हौसेने पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी असं सगळं बसवलेलं होतं. खोडी दोनच. गाडी डावीकडे जराशी कललेली असायची, आणि पुढचं डावं दार काही केल्या उघडत नसे. मी चढणार-उतरणार उजवीकडून, मला त्या दाराशी काय घेणं? असं आपलं मला वाटायचं.

या खेपेला सातारा आणि सांगली ठरवलं होतं. साताऱ्यात एक दिवस मजेत गेला. अजिंक्यताऱ्यावर धापा टाकत चढले, उतरल्यावर कंदी पेढे खाल्ले, आणि मधुमेहाच्या डॉक्टरला मनातल्या मनात वाकुल्या दाखवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कराडच्या वाटेवर डावं चाक पंक्चर झालं. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने जॅक लावला, दोन आटे दिले, आणि कर्रकन आवाज होऊन जॅक गाडीत घुसला. गाडी तिथेच, जॅक आत!

"बाई, ही गाडी न्हाई, पापड हाय," तो म्हणाला. त्याने भोकात बोट घातलं, तर तपकिरी भुगा बाहेर आला. दाराखाली जी पट्टी असते, चढताना आपण जिच्यावर पाय देतो, तो खरं तर पत्र्याचा पोकळ डबा असतो. गाडीचा सगळा भार तो पेलतो. माझ्या गाडीत डाव्या बाजूला तो फक्त रंगाच्या आधाराने उभा होता.

जॅक दुसरीकडे लावून त्याने पंक्चर काढलं. "अशी नाशकाला नेऊ नका. घाटात मोडंल." मागच्या दाराच्या आतल्या अंगाला एक बारीक पितळी पट्टी ठोकलेली होती, तिच्यावर त्याची नजर गेली. "दस्तगीर, तासगाव. ज्यानं गाडी बांदली त्यालाच दावा की."

तेव्हा कराडहून कडेगाव, विटा, तासगाव असा रस्ता धरला. मार्चचं ऊन, दोन्ही बाजूंना ऊस, पुढे कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरची रांग. कडेगावच्या अलीकडे एका फाट्यावर स्टिअरिंग असं डावीकडे ओढलं की मला दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागलं. चाकात हवा कमी असणार, म्हणून रसाच्या एका गुऱ्हाळापाशी थांबले. हवा बरोबर होती.

गुऱ्हाळवाला दोन ग्लास घेऊन आला. एक मला दिला. दुसरा घेऊन डाव्या खिडकीशी गेला, वाकला, आणि तसाच मागे सरला.

"मी एकटीच आहे," मी म्हटलं.

"व्हय, व्हय. काचंत कायतरी दिसलं मला. ऊन लय हाय." तो हसला, पण रस त्याने परत भांड्यात ओतला नाही. बांधावरच्या लिंबाच्या बुंध्याशी सगळा ओतून टाकला. मला विचित्र वाटलं. मग स्वतःलाच दटावलं, की तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलंस, आता उसाच्या रसाला घाबरतेस?

तासगावच्या शिवारात द्राक्षांच्या बागा आणि बेदाण्याच्या शेड एकमेकींना खेटून उभ्या आहेत. हिरव्या जाळीच्या आत मजल्यावर मजले, त्यावर सुकत घातलेली द्राक्षं, आणि हवेत आंबूस-गोड वास. अशाच एका शेडच्या पाठीला दस्तगीरचाचांचा कारखाना होता, म्हणजे वर पत्रा आणि खाली तेलकट माती. चाचा सत्तरीचे, पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. गाडी आत घेताना ते उठून उभे राहिले. माझ्याकडे न येता आधी डाव्या बाजूला गेले, टपावर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे.

"ही गाडी तुमच्याकडं कशी आली?"

सांगितलं. त्यांनी खिशातून एक लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवत निघाले. चुंबक टपावर चिकटलं, मागे चिकटलं. डाव्या दाराखाली आलं आणि टपकन खाली पडलं. शास्त्राच्या बाईला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! तिथे लोखंड नव्हतंच. विकायच्या आधी कुणीतरी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून लांबी (खड्डे बुजवायचा लेप) थापली होती.

चाचा मात्र हसले नाहीत. खाली पाठीवर झोपून त्यांनी दोन्ही बाजू बॅटरीने पाहिल्या.

"बाई, डावीकडं कोन बसतं?"

"कोणी नाही."

"उजवी पट्टी बी गंजलीया, पन सरळ हाय. डावी सीटच्या खाली दबलीया. रोज मानूस बसल्यावानी." ते उठून हात पुसत म्हणाले, "गाडी तात्यांची. कडेगावजवळचे, मिल्ट्रीतनं रिटायर. आमी दोगांनी मिळून बांदली. तात्या गेले मागल्या वर्साला. लेकानं गाडी कुटं दिली ते वैनीला सांगितलंच न्हाई. ती आजून हुडकतीया. फोन करू का? गाडी तुमची. तुमी नगं म्हनला तर न्हाई करनार."

नको म्हणायची माझी छाती झाली नाही. त्या दिवशी चाचींनी अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी असं जेवू घातलं आणि मुक्कामही त्यांच्याच घरी केला. माझा स्वतःचा पलंग पंचवीस पावलांवर होता. तिकडे जावंसं वाटलं नाही, हे कबूल करते.

सकाळच्या एसटीने आक्का आल्या. तात्यांची बायको, वाळकी, ताठ, डोक्यावरचा पदर पक्का. मला नमस्कार केला आणि सरळ डाव्या खिडकीपाशी जाऊन काचेतून आत पाहत राहिल्या. मग खाली बसकण मारून, कुणी न विचारताच सांगायला लागल्या.

"छातीत दुकाय लागलं तवा आपल्या पायानं चढले, ह्या दारानं. लेक चालवत हुता, मी मागं. खांद्यावर हात ठिवून बोलतच हुते. तासगाव आलं तवा म्हनलं, दस्तगीरभाऊंची शेड आली बगा. त्यांनी मान हलवली." आक्कांनी पदर सारखा केला. "मिरजंत दवाखान्यात डाक्टर म्हनला, जाऊन तास झाला."

मिरज तिथून जेमतेम पाऊण तासाच्या अंतरावर. मग मान कुणी हलवली, हा हिशेब मला जुळेना.

"आन् तितं हे दार उगडंना. मागच्या दारानं वडून काडलं. आमच्या भावकीत असं करत न्हाईत. मानूस ज्या दारानं गाडीत चढला त्याच दारानं उतरला पायजे, न्हाईतर देह तेवडा उतरतो, त्यो बसूनच ऱ्हातो. दहाव्याला कावळा शिवला न्हाई. दुपार टळली. शेवटी दर्भाचा कावळा केला. लेक भ्याला, त्यानं गाडीच इकून टाकली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, मला गाडी नगं. दार उगडू द्या, आन् घरापातूर सोडा. त्यांना उतरवून घ्यायचं हाय."

"आक्का, मी शास्त्र शिकवलंय. असं काही नसतं."

"शिकवा की. मी कुटं नगं म्हनते? दार तेवडं उगडून द्या."

कप्पाळ! मी चाचांना दार उघडायला सांगितलं.

काम दोन दिवस चाललं. चाचांनी पहारीने दार सोडवलं तेव्हा ते इतक्या मोठ्याने किंचाळलं की शेजारच्या शेडमधल्या बायका धावत आल्या. दार उघडताच आक्का दोन्ही हात पसरून त्या फटीत उभ्या राहिल्या. "आजून न्हाई. ही दस्तगीरभाऊंची शेड हाय. बसून ऱ्हावा." आणि मग दोन दिवस त्या तिथून हलल्या नाहीत. चाचा त्यांच्या पायाशी बसून कुजका पत्रा कापत, गंजाच्या पापुद्र्यांनी दोन घमेली भरली, आणि वर आक्का रिकाम्या सीटशी गप्पा मारत. म्हैस व्याली, थोरल्याची बदली झाली, शेजाऱ्याने बांध कोरला. मध्येच थांबत, जणू उत्तर ऐकत, आणि "व्हय, मी बी तेच म्हनलं" असं म्हणत. चाचांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं. मी लांब जाऊन बेदाणे निवडणाऱ्या बायकांत बसत होते.

नवी पट्टी जाड पत्रा वाकवून तयार झाली. दाराचा खालचा कुजलेला भागही बदलला. आता जोडायची वेळ. चाचांची एक पद्धत आहे. ज्याची सीट तो सीटवर बसलेला पाहिजे, मगच ते वेल्डिंगचा टाका मारतात. मोकळ्या गाडीत दार बसवलं तर माणूस बसल्यावर सांगाडा दबतो आणि दार घासतं. गाडीचा मालक नसेल तर ते काम उद्यावर टाकतात, पण वाळूची पोती ठेवत नाहीत. पटण्यासारखी गोष्ट आहे. म्हणून मी पुढे झाले.

"सरका आक्का, मी बसते."

चाचांनी हात आडवा केला. "नगं. वजन हाय."

त्यांनी मला पट्टी लावून दाखवलं. दार आणि खांबाच्या मधली फट वर दोन सूत, खाली दोन सूत. माणूस बसल्यावर जशी यायला हवी तशी. सीट मात्र मोकळी.

"स्प्रिंगा जुन्या आहेत, चाचा. बसल्या असतील."

"असतील," ते म्हणाले, काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पहिला टाका मारला. ठिणग्या उडाल्या. मी डोळे मिटून घेतले, आणि ते ठिणग्यांसाठी नव्हतं.

दार एका हाताने लागलं. टक्. तांबडा रंग वाळला, वर पांढरा मारला. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून आम्ही निघालो. चाचांनी डाव्या काचेवर हलकेच दोन टिचक्या मारल्या. "तात्या, बराय," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून आत गेले.

आक्का मागे बसल्या. मला बजावलेलं होतं, घर येईपर्यंत डावीकडे बघायचं नाही. आता डावा आरसा न बघता गाडी चालवायची कशी, हे शास्त्र मला कुणी शिकवलेलं नाही. दोन ट्रॅक्टर आणि एका एसटीने मला शिव्या घातल्या. विटा मागे पडलं. मागून आक्कांचा आवाज हळूहळू चालू होता. ऊस तोडून झाला बगा. ह्या मळेवाल्यांनी विहिरीवर नवी मोटर बसवलीया. मी पुढे बघत होते आणि मानेच्या डाव्या बाजूला मला गारवा जाणवत होता. मार्चात, बंद काचेच्या गाडीत.

फाटा आला. येताना जिथे स्टिअरिंग ओढलं होतं, त्याच फाट्याला वळायचं होतं. या वेळी स्टिअरिंगला मला काही करावंच लागलं नाही.

घर साधं, दोनखणी, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. मी इंजिन बंद केलं. आक्का मागच्या दाराने उतरल्या, वळसा घालून आल्या आणि डावं दार सताड उघडलं. मी समोरच्या भिंतीतलं एक भोक बघत राहिले.

"आलं घर. उतरा," आक्का म्हणाल्या. "सावकाश. पायरी नवी हाय."

काही नाही. कुठे पान हललं नाही. मिनिटभर गेलं असेल. मग गाडी करकरली, आणि इतके महिने कललेली ती डावी बाजू हळूच वर आली. आठ महिने मी जी गाडी चालवली ती पहिल्यांदा सरळ उभी राहिली. आक्कांच्या बांगड्या वाजल्या. "हां, धरा हात," असं पुटपुटत त्या अंगणातून घराकडे निघाल्या. मागे न बघता, आणि एका अंगाला कुणाचा तरी भार घेतल्यासारख्या वाकून. उंबरा ओलांडला आणि आत गेल्या.

तेव्हा मी डावीकडे बघितलं. सकाळपासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. रेक्झिन मधोमध खोल दबलेलं होतं, आणि माणूस उठून गेल्यावर फोम जसा हळूहळू फुगून वर येतो, तसा तो माझ्या डोळ्यांदेखत वर येत होता. पार सपाट होईपर्यंत मी पाहिलं. मी खोटं बोलत नाही आणि समजावूनही सांगू शकत नाही.

आतून आक्कांच्या रडण्याचा आवाज आला. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच रडत होत्या, मोकळ्या, मोठ्याने. मी थांबले नाही. चहाला थांबायची ती वेळ नव्हती.

परतीला कराड, सातारा, पुणे केलं आणि नाशिकला पोचले. भाचा गाडीभोवती फिरला, नवी पट्टी ठोकून बघितली आणि म्हणाला, "झकास काम झालंय. सरळ चालते आता." चालते खरंच. हाताला ओढ लागत नाही, दार टक् करून लागतं. लोक विचारतात, भीती नाही वाटली? तेव्हा वाटली. आता जे वाटतं ते निराळंच आहे, आणि ते मला झोपू देत नाही. आठ महिने मी त्या माणसाला शेजारी बसवून कोकणात नेलं, वेरूळला नेलं, तापीकाठची केळी दाखवली. त्याला यातलं काही बघायचं नव्हतं. आणि तुम्हाला कुठे उतरायचं आहे, एवढं साधं मी त्याला एकदाही विचारलं नाही.