बियाचं वांगं

बाजारात पिवळं पडलेलं वांगं दिसलं की बार्शीटाकळीतली एक दुपार आठवते. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास पसरलेला आणि मी कॉम्प्युटरवर शेतीचा गेम खेळत होते. वेळ संपत आलेली, गिऱ्हाइकं चिडलेली, शेवटचं वांगं तोडलं की मी जिंकणार होते. तेवढ्यात मळ्यातून आलेल्या आईनं माझा हात धरला. "सारेच वांगे तोडून राहिली काय? बियाले एक तं ठेव!" मळ्यातही ती बियासाठी एक चांगलं वांगं झाडावरच पिवळं होईपर्यंत पिकू द्यायची. "आई, यात बी आपोआप येते." "आपोआप कुठं येते वं?" तिनं हात सोडला नाही. मी हरले. आता अमरावतीत मोबाइलवर तसलाच गेम खेळते. शेवटच्या वांग्यावर बोट थांबतं. हात धरायला आई नाही, तरी हरते.